बाहेर उघडणारं दार

पहिल्याच भेटीत श्रीशैलनं माझा अंगठा फोडला. हे मी अजून सगळ्यांना सांगते, आणि तो दर वेळी तेच उत्तर देतो, "मी न्हाई, माझ्या घरानं फोडला."

लातूरच्या बसस्टँडवरून नांदेडला जाणारी सकाळची गाडी. सोमवार होता. मला गावाहून परत कामावर जायचं होतं. एकच जागा रिकामी दिसली आणि मी घाईघाईनं आत घुसले. सीटखाली एक ओलं पोतं होतं. त्याच्यावर पाय आपटला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"काय भरलंय यात... दगड?"

शेजारचा पोरगा ताडकन उभा राहिला. दोन दिवसांची दाढी, शर्टाच्या बाहीवर सिमेंटचे ठिपके, आणि चेहरा इतका ओशाळलेला की मला धड रागावताही येईना.

"दगड न्हाई ओ. घर हाय."

"घर?"

"आमचं. लातुरात बांधून राहिलो. त्यातलं थोडंसं नांदेडला नेऊन राहिलो."

ओलं पोतं, आतून टोचणारे चौकोनी कोपरे... मला कळलं होतं त्यात काय आहे. पण मी तोंड मिटून बसले. अंगठा ठणकत होता आणि मला त्याची जरा गंमत बघायची होती.

"लातुरात तपासून देत न्हाईत का कुणी?"

"देतात की. पण सगळे माझे दोस्त. संगंच शिकलो." तो बाटलीतलं पाणी पोत्यावर ओतत होता. "दोस्तानं सांगितलेला आकडा मला खरा वाटणार न्हाई. अनोळखी माणूस पाहिजे. माझं तोंड बघून ज्याला दया येणार न्हाई असा."

"सगळं पाणी पोत्याला पाजलं. तुम्ही काय पिणार?"

"मी राहतो की तहानेला," तो म्हणाला. "ह्यांचं तसं न्हाई."

चाकूरला गाडी थांबली तेव्हा तो खाली उतरला आणि रुमाल भिजवून घेऊन आला. "अंगठ्याला गुंडाळा," म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मग लोहा येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. पण तो गप्प बसणंही चांगलं बसला होता, हे माझ्या ध्यानात आलं.

दुपारी बाराला तो आमच्या लॅबच्या दारात उभा राहिला, खांद्यावर पोतं घेऊन. मी अ‍ॅप्रन घालून मशीनपाशी होते.

माझं काम एका ओळीत सांगण्यासारखं आहे. घराचं काँक्रीट भरतात तेव्हा त्याच मालाचे सहा इंची ठोकळे पाडून ठेवतात, त्याला क्यूब म्हणतात. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती भाराला फुटले त्यावरून घराची ताकद कळते. मी फोडते आणि आकडा लिहिते.

त्यानं पोतं खाली ठेवलं. "घोटाळा झाला की."

"काय झालं?"

"अनोळखी माणूस पाहिजे होता."

"मी अनोळखीच हाय."

"अंगठा फोडलाय मी तुमचा. आता कसलं अनोळखी..."

"मग ओळख इथंच थांबवा," मी रजिस्टर पुढं सरकवत म्हणाले. "न्हाई तर रिपोर्ट खोटा निघंल. अठ्ठावीस दिवसांनी या."

तो सातव्या दिवशीच आला. नांदेडला एका सभागृहाच्या कामावर तो इंजिनिअर होता, त्यामुळं त्याला कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

"अठ्ठावीस सांगितलं होतं."

"बघायला आलो. बरे हाईत का."

मी त्याला टाकीपाशी नेलं. पाण्याच्या तळाशी त्याचे तिन्ही ठोकळे गप पडले होते. तो वाकून बघत राहिला. पाण्यात आमच्या दोघांची तोंडं हलत होती. मी जरा बाजूला सरकले.

"तुमचा विश्वास कशावर असतो मॅडम?" त्यानं एकदम विचारलं.

"आकड्यावर."

"आकड्यावर... का आकडा सांगणाऱ्यावर?"

"आकड्यावर," मी ठासून म्हणाले. "माणसाला काय, काही बी वाटतं."

"हाव, ते खरं हाय," तो म्हणाला. आणि पाण्यातल्या माझ्या तोंडाकडं बघून हसला. "काही बी वाटून राहिलं खरं."

तो पुढच्या आठवड्यात आला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला. आमचे सुगत सर, म्हणजे लॅबचे मालक, म्हणायला लागले की एवढं तर कुणी दवाखान्यातल्या पेशंटलाही भेटायला येत नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी मी क्यूब मशीनला लावले. वीस आले तरी चालतं. त्याचे सव्वीस, सत्तावीस, सव्वीस आले. चांगला क्यूब फुटला की बाजू ढासळतात आणि मधे डमरूचा आकार उरतो. तो डमरू त्यानं हातात घेतला, पुसला आणि पिशवीत ठेवला.

"एक विचारू?" त्याचा आवाज जरा खाली आला. "तुमच्या आईला भेटायला येऊ का... गावाकडं?"

एवढं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. मी अ‍ॅप्रनला हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"या. पण आमचं जरा अवघड हाय," मी म्हणाले.

अवघड काय होतं ते सांगते. आम्ही किल्लारीचे. भूकंपात जुनं गाव गेलं तेव्हा माझी आई, बसम्मा, सतरा वर्षांची होती. तिचे अप्पा आणि धाकटा भाऊ माळवदाखाली गेले, म्हणजे दगडमातीच्या जड छताखाली. नव्या गावठाणात आम्हाला भूकंपात टिकणारं पक्कं घर आहे. त्यात ज्वारीची पोती राहतात, कडबा राहतो. आई मात्र अंगणात पत्र्याचं शेड टाकून राहते. माझं लहानपण तिथंच गेलं. बाबा मी दहावीत असताना वारले, तेही पत्र्याखालीच.

मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला तो आईसाठीच. वाटलं, आकडे दाखवले की पटेल तिला. पाच वर्षं दाखवले. ती ऐकायची, मान हलवायची, आणि उशी घेऊन पत्र्याखाली जायची.

आणि माझ्या लग्नाला तिची एकच अट. जावयाचं घर पत्र्याचं पाहिजे. सगळ्या जगात मुलीचे आईबाप स्लॅबचं घर बघतात, फ्लॅट बघतात. आमच्याकडं पाहुणे छाती फुगवून सांगायचे, दोन मजली स्लॅब हाय म्हणून, आणि आई म्हणायची, "मग जमत न्हाई." चार स्थळं गेली. त्यातली तीन तर घराच्याही आधी तीन शब्दांवर गेली. ते तीन शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

हे तीन शब्द मी श्रीशैलला सांगितले नाहीत. मुद्दामच. पढवून आणलेला माणूस मला नको होता.

तो जानेवारीतल्या एका रविवारी आला. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहा ठेवला. तो जमिनीवर मांडी घालून बसला, दोनदा सुशीला मागून घेतला. आई त्याला बारकाईनं बघत होती.

"नाव काय म्हणालास?"

"श्रीशैल."

"शैल म्हणजे?"

"डोंगर..." तो अडखळला. "दगडाचाच असतो जरा."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं मला वाटलं. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता, तेवढ्यात पत्र्यावर धाडकन आवाज झाला. लिंबाच्या झाडावरून वानरानं उडी टाकली होती. आई दचकली. बशीतला चहा सगळा पदरावर सांडला. आणि श्रीशैलनं तेच केलं जे कुठल्याही भल्या माणसानं केलं असतं. पुढं होऊन बशी धरली आणि प्रेमानं म्हणाला,

"काही होत न्हाई, मावशी. वानर हाय."

आई उठली. कप उचलले, ताटली उचलली. "गाडी चुकंल तुमची," एवढं बोलली आणि आत वळली.

फाट्यावर जीपची वाट बघत उभे होतो तेव्हा मी त्याला पत्र्याची अट सांगितली, आणि ते तीन शब्दही. मोठ्या भूकंपाच्या आधीही धक्के बसायचे. आईला भीती वाटायची. ती बाहेर झोपायचा हट्ट करायची आणि तिचे अप्पा म्हणायचे, काही होत न्हाई, आत चल. भूकंपाच्या रात्री ती रुसून गोठ्यात झोपली म्हणून वाचली.

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

"आधी सांगायचं होतं मंजुश्री."

"शिकवलेलं उत्तर मला नको होतं."

"मग आता?"

"आता काय..." मी रडणार नव्हते. "मी पळून येणार न्हाई. आईला नाराज करून बी येणार न्हाई. आणि जन्मभर पत्र्याखाली बी राहणार न्हाई. मला तुमच्याशीच लग्न करायचंय. तेवढं पक्कं हाय."

हे मी बोलून गेले आणि मग मला कळलं की काय बोलले. तो माझ्याकडं बघतच राहिला. जीप आली, हॉर्न वाजला.

"मग मार्ग काढतो मी," तो म्हणाला. "कितीबी दिवस लागू दे."

फेब्रुवारीत त्याच्या खांबांचे क्यूब आले. अठ्ठावीस दिवस होईपर्यंत त्यानं पुढचं काम थांबवून ठेवलं होतं. पाण्यातून काढले तेव्हा दोन क्यूबवर नंबर आणि तारीख होती. तिसऱ्यावर, तारखेच्या खाली, खिळ्यानं कोरलेलं एकच अक्षर होतं. मं.

मी त्या अक्षरावरून बोट फिरवलं. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून दोनदा फिरवलं.

मग पहिला लावला. सतरा. दुसरा... सोळा. माझ्या नावाचा क्यूब मशीनमध्ये ठेवताना मनात आलं, हा तरी वाचव की बाबा. सतरा. डमरूबिमरू काही नाही, एका बाजूनं नुसता भुगा झाला.

पेन हातात घेऊन मी बसले. खरं सांगते, अर्धा मिनिट बसले. सतराच्या जागी एकवीस लिहायला काय लागतं? त्याचं घर थांबलं नसतं, आमचं आधीच अडलेलं अजून अडलं नसतं. मग आठवलं की हा माणूस दीडशे किलोमीटर पोतं वाहून आणतो ते कशासाठी. मी सतरा लिहिलं आणि फोन लावला.

"नापास. तिन्ही."

"माझं तोंड बघून दया आली न्हाई ना?"

"फोनवर तोंड दिसत न्हाई."

"बरं," तो म्हणाला. मग हळूच, "चूक माझीच हाय. क्यूबवर काय कोरावं याच विचारात होतो. मिस्त्रीनं मालात दोन बादल्या पाणी जास्त ओतलं, ते बघितलंच न्हाई."

आठवड्यानं त्यानं फोटो पाठवला. त्या दिवशी भरलेले चारी खांब पाडलेले होते. नुसत्या सळया उभ्या होत्या आणि खाली ढीग.

शनिवारी मी गावाकडं गेले. आई तुरीची डाळ निवडत होती. तिचं मन वळवावं म्हणून नाही, मलाच कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून मी सांगितलं.

"पाडले?" आईचा हात थांबला.

"हाव."

"चारी?"

"चारी."

"न्हाई पाडले असते तर कुणाला कळलं असतं का?"

"कुणालाच न्हाई. तो आणि मी."

आईनं सूप खाली ठेवलं. अंगणातल्या त्या पक्क्या घराकडं, ज्वारीच्या पोत्यांकडं बघत राहिली. "बोलाव त्याला," म्हणाली.

या वेळी सुशीला नव्हता. आईनं त्याला समोर बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला. "तुझं घर पडणार न्हाई म्हणतोस का?"

श्रीशैलनं माझ्याकडं बघितलं नाही. "न्हाई म्हणत. बराच मोठा धक्का आला तरी उभं राहील, असं करून राहिलो. त्याच्याहून मोठा आला तर... मला माहीत न्हाई, मावशी."

आईनं पदर सावरला. मला वाटलं, संपलं. पण ती उठली नाही.

"इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "मला माहीत न्हाई असं कुणी बोललंच न्हाई. सगळ्यांनाच माहीत असतं."

मग त्यानं विचारलं. मी पाच वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते. "तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटती? स्लॅबची का?"

"स्लॅबचं काय घेऊन बसलास." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दाराची."

आणि तिनं सांगितलं. घर बसलं, पण दार उभं होतं. अप्पा आत जिवंत होते. आतून दार ओढत होते, त्यांचा आवाज येत होता. दार आत उघडायचं, आणि आत दारामागं माती येऊन पडलेली. ते आतून ओढतायत, ही बाहेरून ढकलतीय, दार चार बोटं सुद्धा हलत नव्हतं. "बाहेर उघडणारं असतं तर..." आई म्हणाली.

सत्तावीस वर्षांची मी, आणि हे मला माहीत नव्हतं. मी तिला भिंतींचे आकडे दाखवत राहिले, आणि तिची भीती दाराची होती. मी तिला अडाणी समजत होते. तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता. श्रीशैलनं काही समजावलं नाही. पाणी दिलं आणि बसून राहिला.

चार दिवसांनी फोन आला. "सुताराला सांगितलं, मोठं दार बाहेर उघडणारं कर."

"मग?"

"शेषेराव सुतार म्हणतात, चाळीस वर्षं दारं बसवली, असलं उफराटं काम करणार न्हाई. आणि अप्पा..."

त्याचे अप्पा, विरूपाक्षअप्पा, लातूरच्या गंजगोलाईत भुसाराचे व्यापारी. त्यांचं म्हणणं साधं होतं. दार आत उघडतं ते लक्ष्मीला आत घ्यायला. बाहेर उघडलं म्हणजे आलेल्या लक्ष्मीला धक्का मारून घालवणं. असल्या घरात ते पाय ठेवणार नव्हते. आणि जिच्यामुळं दार फिरलं ती सूनही त्यांना चालणार नव्हती.

"मी बोलतो त्यांच्याशी," श्रीशैल म्हणाला.

"थांबा," मी म्हणाले. "आईच्या दाराचं हाय. मी येते."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लातूर गाठलं. दुकानात तुरीच्या पोत्यांचा कोरडा वास होता. विरूपाक्षअप्पा गादीवर बसलेले, कपाळाला भस्म, नाकावर चष्मा.

"शरणार्थ, अप्पा. मी मंजुश्री. किल्लारीची."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "शरणार्थ. बस."

मी बसले. गाडीत सगळं घोकून आले होते. "एक विचारायचं होतं. लक्ष्मी राहती कुठं अप्पा, दारात का तिजोरीत?"

"तिजोरीत."

"जरा उघडून दाखवता का?"

त्यांनी मागं वळून किल्ली लावली आणि दार ओढलं. आपल्याकडं, बाहेर. अर्ध्यात त्यांचा हात थांबला. हमाल तोंड फिरवून हसला. अप्पांनी तिजोरी बंद केली आणि सावकाश माझ्याकडं वळले.

"हुशार हायस. पण दार कशाला फिरवायचं ते सांग."

मग मी आईचं सांगितलं. ते काही घोकलेलं नव्हतं. दारामागून आईच्या अप्पांचा आवाज येत होता, इथपर्यंत सांगितलं आणि मलाच रडू फुटलं. मान खाली घालून बसले. वाटलं, केलेलं सगळं मातीत घातलं.

विरूपाक्षअप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसला.

"तिजोरीचं मला बी माहीत हाय पोरी. रोज उघडतो," ते म्हणाले. "त्यानं न्हाई पटलं."

"मग?"

"पटलं खरं. कशानं ते तुलाच कळलं असंल." त्यांनी हमालाला हाक मारली. "शेषेरावला बोलाव. म्हणावं, पोरगा सांगतो तसं दार बसव."

गोलाईत उन्हात उभी राहिले तेव्हा मला श्रीशैलनं टाकीपाशी विचारलेला प्रश्न आठवला. आकड्यावर, का आकडा सांगणाऱ्यावर? मी ठासून दिलेलं उत्तर आता तेवढं ठासून देता आलं नसतं. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी रसवंतीत बसून दोन ग्लास रस प्याले आणि त्याला फोन केला.

नवे खांब पास झाले. डमरू निघाले, अठ्ठावीसचे. एप्रिलमध्ये स्लॅब भरला, मेअखेर दार बसलं, आणि एका सकाळी आई लातूरला आली. घरावर अजून रंग नव्हता. भिंतींना पाणी मारल्याचा ओला वास येत होता. विरूपाक्षअप्पा रस्त्यावर सावलीत उभे होते. पुढं पुढं करू नका, असं श्रीशैलनं त्यांना बजावलं होतं.

आई उंबऱ्यापाशी थांबली. आधी चौकटीवर हात फिरवला. मग कडी बघितली. मग वर, स्लॅबकडं. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं सोडवून घेतला आणि एकटीच आत गेली. मी मागोमाग गेले.

"लाव दार," ती बाहेर उभ्या श्रीशैलला म्हणाली.

"मावशी, राहू दे की उघडंच..."

"लाव म्हणते ना."

त्यानं दार लावलं. आत एकदम अंधारलं. मला आईचा श्वास ऐकू येत होता. ती दाराकडं तोंड करून उभी होती, मुठी आवळून. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग आईनं दोन्ही हात पुढं केले आणि जोर लावून दार ढकललं, सगळ्या वर्षांचा जोर लावून. दार सणकन बाहेर गेलं आणि दाराला कान लावून उभ्या असलेल्या श्रीशैलच्या नाकावर आदळलं.

ऊन आत आलं. तो नाक धरून खाली बसला होता. बोटांतून रक्ताचा थेंब आला.

"अगं बाई... लागलं का रे?" आई धावली.

"काही होत न्—" तो म्हणाला आणि तिथंच थांबला. त्यानं मान वर केली, डोळ्यांत पाणी आलेलं. "लागलं. लई लागलं, मावशी."

आई त्याच्याकडं बघत राहिली. आणि मग हसायला लागली. मी माझ्या आईला एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. पोट धरून, उंबऱ्यावरच बसून, डोळे पुसत ती हसत होती. उंबऱ्यावर, म्हणजे बरोबर स्लॅबच्या खाली, आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

"मंजे," ती पदरानं त्याचं नाक पुसत म्हणाली, "खरं बोलतंय पोरगं. कर ह्याच्याशी."